फ्रीज चालत घरी आला

पाच महिने वाट पाहिल्यावर जहाजातून आमचा फ्रीज आला.
ट्रकवाल्याने तो वळणावरच टेकवला,
म्हणाला, "पुढे चिखल आहे. इथे सही करा."
आणि गेला.

वळणापासून आमचं दार एकशे चाळीस पावलांवर.
(मी मोजलीत. धावत मोजली तर नव्वद.)

मामाच्या गाडीत एक पाहुणा होता,
सकाळपासून बेटावरचे मोआई बघत हिंडलेला.
मोआई म्हणजे आमचे दगडी पूर्वज.
काहींचा नुसता कान माझ्याएवढा.
पाहुणा खाली वाकला, गुपित सांगावं तसा पुटपुटला,
"चाक नाही, बैल नाही, क्रेन तर नाहीच!
हे माणसाचं काम नव्हे, मुली.
वरून कुणीतरी आलं होतं यान घेऊन,
दगड अलगद उचलले, रांगेत ठेवले
आणि निघून गेलं."

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?
आमच्या बेटाला चहूकडून नुसता समुद्र,
रात्री इतके तारे, की वाटतं
एखादा तरी चुकून खाली उतरत असेल.
मी मनातल्या मनात यान उतरवलंसुद्धा,
राखाडी, गोल,
कोंबड्यांच्या खुराड्यामागे.

तेवढ्यात तावाके मामाने बाह्या सारल्या.
फ्रीजच्या गळ्याशी दोर बांधले.
एक टोक मेराही आत्याकडे,
दुसरं मी आणि शेजारचा इतो,
तिसरं मागून मामाकडे, तोल सांभाळायला.
"आत्याबाई, ओढा! पोरांनो, सोडा!
आता पोरं ओढा! आत्याबाई, सोडा!"
आणि आमचा पांढरा, जाडजूड फ्रीज
एक खांदा पुढे टाकून
चालू लागला!

ठुम्.
ठुम्.
लग्नात तुडुंब जेवून निघालेल्या काकांसारखा.
रस्त्यावरचा मोकाट घोडा चरायचा थांबला.

आमच्या भाषेत याला शब्द आहे, नेके-नेके.
पाय नसताना डुलत डुलत पुढे जाणं.
म्हातारी माणसं सांगत आली, मोआई खाणीतून चालत आले,
आणि ऐकणारे हसत आले.
अजून शास्त्रज्ञ भांडतात त्यावर.
कुणी म्हणतं, आडवे निजवून लाकडांवरून नेले,
कुणी म्हणतं, उभेच, दोरांनी.

पेरूच्या झाडापाशी इतोला शिंक आली.
दोर सुटला.
फ्रीज तोंडावर, धप्प!
आत्या ओरडली, घोडा पळाला,
दारावर केवढा तरी पोचा!
मामाने पोच्यावरून हात फिरवला.
"घ्या, झाली आमची सही."

मग पाहुण्याकडे वळून म्हणाला,
"सकाळी वाटेवर पडलेले मोआई पाहिलेत ना?
कुणी पालथा, कुणी मानेत मोडलेला?
यानवाल्यांच्या हातून
इतके कसे हो पडले?"

पाहुणा काहीच बोलला नाही.
टोपी काढली, डोकं खाजवलं,
कॅमेरा गळ्यातून उतरवून पेरूच्या फांदीला अडकवला
आणि म्हणाला, "मी कुठे धरू?"

दारात पोचेपर्यंत त्याचे तळवे लालबुंद.
थंड पाणी मागितलं त्याने.
पण आडवा झालेला फ्रीज लगेच लावायचा नसतो,
काही तास उभा ठेवावा लागतो,
म्हणून सगळ्यांनी कोमटच प्यायलं.

रात्री फ्रीज घुमू लागला, मी अंगणात गेले.
तारे होते तिथेच, सगळे, न मोजता येणारे.
तिथे कुणी असेल. का नसेल?
येऊ देत की. खुराड्यामागे जागा आहे.
दगड आमच्या माणसांनी आणले, हे मी आधीच सांगेन,
म्हणजे उगाच गैरसमज नको.
मग विचारेन,
तुमच्याकडे जड वस्तू कशा नेता?
शिंक आली तर काय करता?

दोर मी दाराशीच ठेवलाय.
उद्या इतोच्या घरचं कपाट आहे.